उतरता भाव

सोमवारी उठलो तेव्हा डाव्या बाजूचं जग
कुणीतरी रात्रीत गाडीत भरून नेलेलं.
नळाला पाणी आलं, ते फक्त उजवीकडं आलं.
मळ असेल म्हटलं.
शेजारच्या काकू म्हणाल्या, लसणीचं तेल सोडा कोमट करून.
आमच्या घरात लसूण नाही. खोबरेल सोडलं.
ते आत गेलं आणि आतच राहिलं,
उधारीसारखं.

हंगाम हळदीचा. सांगलीच्या यार्डात मी सौदे पुकारतो,
तेवीस वर्षं.
ढिगाशी उभं राहायचं, भाव घुमवायचा,
कुठल्या कोपऱ्यातून शंभर वाढले
हे मान न वळवता ओळखायचं.
ऐकायला एक कान पुरतो,
दिशेला दोन लागतात,
हे मला चौदा हजार दोनशेला कळलं.
बोली आली, ती नक्की आली.
कुठून आली?
राजापुरीचा ढीग मी सारडांच्या नावावर तोडला.
बोली लुकडांची होती.
दोघंही हसले.
मग लुकड हसायचे थांबले.

मिरजेला डॉक्टर कोगनोळेंनी नादकाटा
गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळाला लावला.
मधोमध ठेवलेला आवाज
सरळ उजव्या खिशात गेला.
"किती दिवस झाले?"
"नऊ."
"नऊ दिवस कुठं होतात?"
"सौद्यात."
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
म्हणाले, यात पहिले दिवसच कामाचे, अण्णा.
काहींचं सगळं परत येतं, काहींचं थोडं,
काहींचं येत नाही.

स्टिरॉइड.
हा शब्द मी तालमीतल्या पोरांबद्दल ऐकला होता,
तोही हळू आवाजात.
नाश्त्यानंतर सहा गोळ्या एकदम,
काही दिवसांनी पाच, मग चार, मग तीन.
जन्मभर चढता भाव पुकारला,
आता उतरता गिळत होतो.

सूर्य बुडाल्यावर आमच्यात जेवत नाहीत.
आजोबांनी पाळलं, वडिलांनी पाळलं,
मी व्यापाऱ्यांच्या पोरांच्या लग्नातसुद्धा पाळलं.
चौथ्या रात्री दोन वाजता
स्वयंपाकघरात उभा, हातात दशमी,
पोटात दुसऱ्याच कुणाची तरी भूक.
कुसुमती दारात येऊन काहीतरी बोलली.
माझ्याच चावण्यात ते बुडालं.
दिवसभर तोंड चुकवलं.
संध्याकाळी विचारलं, रात्री काय म्हणालीस?
म्हणाली, दही देऊ का विचारलं.

गोळ्यांनी भागेना, म्हणून पडद्यातून सुई.
उजव्या कुशीवर निजवलं, डावा कान छताकडं.
अर्धा तास बोलायचं नाही, गिळायचं नाही.
एक गार थेंब,
आणि टेबल सुटलं, आयर्विन पुलाखालून वाहायला लागलं.
मग ते थांबलं.
घशाशी कडू आलं.
एक कान उशीत दाबलेला, दुसरा औषधानं भरलेला.
ओरडून पोट भरणारा माणूस मी.
पंखा फिरताना दिसत होता,
तेवढाच.

अशा चार सुया.
साखर वाढली, तोंड सुजलं.
दस्तगीर हमाल म्हणाला, तब्येत झाली अण्णा.
कागदावरची रेघ जराशी वर सरकली.
जाड आवाज परतले, बारीक राहिले.
ट्रक आला.
कुसुमतीची जोडवी नाही आली.

आता दस्तगीर माझ्या डावीकडं उभा राहतो.
तिकडून बोली आली की दंड दाबतो.
लुकड बोलीसोबत हातही वर करतात,
आणि टोपी सारखी केल्याचं दाखवतात.

नीट वाळलेली हळद मोडली की
धातूसारखी वाजते.
काल सगळे गेल्यावर एक हळकुंड
डाव्या कानाशी धरून मोडलं.
बोटांना कळलं.
कानाला, काहीतरी.
तो आवाज होता
की बोटांनी पाठवलेला निरोप,
हा सौदा अजून तुटलेला नाही.
दुसरं हळकुंड घेतलं.